मावशीची एकच चूक

आमच्या घरात एक गोष्ट इतक्या वेळा सांगून झाली आहे की कुठे थांबायचं आणि कुठे हशा पिकतो, तेही सगळ्यांना पाठ आहे. गोष्ट माझ्या मोठ्या मावशीची. ती सगळ्यात जास्त वेळा मीच सांगितली, तीही मोठ्या तोऱ्यात, जणू काही तो पराक्रम मीच केला होता. गेल्या महिन्यात कळलं की सहा वर्षं मी ती चुकीची सांगत होते. माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही.

आधी मावशीबद्दल सांगते. मनोरुग्णांच्या एका दवाखान्यात तिने एकतीस वर्षं टायपिस्ट म्हणून काढली. आम्ही तिला टकटक मावशी म्हणायचो. पाठ ताठ, चष्मा नाकाच्या मध्यावर, आणि चुकांशी जन्माचं वैर. घरी आलेल्या पत्रातल्या चुका लाल पेनाने दुरुस्त करायची आणि मगच मजकूर वाचायची. काका म्हणायचे, "हिच्याशी भांडायचं तर लेखी भांडावं लागतं, आणि तेसुद्धा दोन प्रतींत." एकतीस वर्षांत तिच्या कामात चूक निघाली ती फक्त एकदा. आमची गोष्ट त्या चुकीचीच आहे.

दवाखाना दोन मजल्यांचा. खालच्या मजल्यावर गोळ्यावाल्या मॅडम बसायच्या. त्या मानसोपचाराच्या डॉक्टर. चपळ, थोडक्यात बोलणाऱ्या, पेशंटला पाच मिनिटांत तपासून बाहेर काढणाऱ्या. बाहेरच्या बाकावर पंचवीस माणसं ताटकळत असायची, तेव्हा त्यांना तरी काय बोलायचं! वरच्या मजल्यावर बोलके डॉक्टर. ते मनोविश्लेषणवाले. पडदे ओढलेली खोली, एक लांब कोच, आणि कोचाच्या डोक्याशी, पेशंटला दिसणार नाही अशा जागी डॉक्टरांची खुर्ची. बोलके डॉक्टर हे नाव शिपायाने ठेवलेलं आणि त्यात चेष्टाच जास्त होती, कारण पाऊण तासात ते स्वतः चार वाक्यंसुद्धा बोलत नसत. बोलायचं ते पेशंटने. डॉक्टर वाट बघायचे.

या दोघांचं एकदा भर बैठकीत वाजलं होतं. मॅडम म्हणाल्या, "गप्पा मारून मेंदूतलं रसायन बदलत नाही, सर." त्यावर डॉक्टर म्हणाले, "रसायनाला वडील नसतात, मॅडम. माणसाला असतात." त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांच्या कामात लक्ष घालायचं नाही असं ठरलं, आणि दोघांनी ते इमानदारीने पाळलं. जिन्यात भेटले की हवापाण्याच्या गप्पा मारायचे. पेशंटचा विषय नाही.

म्हणून कागदही वेगळे. मॅडमचे पांढरे, त्यावर पेशंटचं नाव. डॉक्टरांचे हिरवे, त्यावर नाव नाही, नुसता आकडा. कोचावर माणूस जे बोलतो ते दुसऱ्या कुणाला कळता कामा नये, हा डॉक्टरांचा कडक नियम. दोघेही आपापल्या छोट्या रेकॉर्डरवर बोलून ठेवायचे आणि कॅसेट मावशीकडे यायची. सकाळी पांढरे, दुपारी हिरवे. कानाला हेडफोन, पायाखाली कॅसेट थांबवायचं पेडल, बोटं यंत्रावर. कुठला आकडा म्हणजे कोण, हे डॉक्टरांना ठाऊक, त्या पेशंटला ठाऊक आणि मावशीला ठाऊक. एकाच माणसाचे दोन्ही कागद बघणारी अख्ख्या इमारतीत ती एकटीच होती. नोकरीला लागताना तिने सही करून दिली होती की कानावर पडलेलं तोंडातून बाहेर जाणार नाही. काकांनासुद्धा तिने कधी चकार शब्द सांगितला नाही.

आता घड्याळवाले. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं घड्याळदुरुस्तीचं चिंचोळं दुकान. या चुकीच्या दोन वर्षं आधी एकदा ते सहा दिवस झोपले नव्हते. गिऱ्हाइकांची एकशेचाळीस घड्याळं त्यांनी एकदम उघडून ठेवली, कारण जगातली सगळी घड्याळं एका ठोक्यावर आणायचं काम आपल्याला मिळालंय असं त्यांना वाटत होतं. बायकोने हाताला धरून दवाखान्यात आणलं. मॅडमनी लिथियमची गोळी सुरू केली आणि माणूस महिन्याभरात जमिनीवर आला. मॅडमचं श्रेय मॅडमना द्यायलाच हवं. पण जमिनीवर आल्यावर ते नुसते बसून राहायला लागले. मग वरच्या मजल्यावर आठवड्यातून दोनदा जायला लागले, आणि चाळीस वर्षांत कुणाकडे न काढलेला वडिलांचा विषय त्यांनी त्या कोचावर काढला. घरी हसायला लागले. ते श्रेय डॉक्टरांचं. म्हणजे दोघांनी मिळून एक माणूस उभा केला होता. फक्त आपण मिळून करतोय हे दोघांनाही मान्य नव्हतं.

आणि मग एका मंगळवारी दुपारी मावशीच्या कानात डॉक्टरांचा संथ आवाज आला. घड्याळवाल्यांचे हात थरथरतात. चिमट्यातून बारीक स्क्रू पडतो. वडील लहानपणी हातावर पट्टी मारायचे, त्या भीतीने हात आता बंड करतोय. गुडघे दुखतात म्हणून तीन आठवडे औषधाच्या दुकानातून गोळी आणून दिवसातून दोनदा घेतात. इथे डॉक्टरांनी पुढे सांगितलं होतं, गुडघा म्हणजे वडिलांपुढे टेकलेला गुडघा, यावर पुढे बोलायला हवं.

मावशीचं पेडल थांबलं. कारण लिथियम घेणाऱ्या प्रत्येक पेशंटला मॅडम जो सूचनांचा कागद द्यायच्या, तो तिनेच हजारदा टाइप केला होता. अंगदुखीच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत, त्यांनी रक्तात लिथियम साठतं. हात थरथरणं, उलट्या, जीभ जड होणं, चालताना तोल जाणं, यातलं काहीही दिसलं तर ताबडतोब डॉक्टरांना सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळचा पांढरा कागद: "तक्रार नाही. तीच गोळी चालू." पाच मिनिटांच्या भेटीत घड्याळवाले हात खिशात घालून बसले होते आणि "ठीक आहे" म्हणून उठले होते. शुक्रवारचा हिरवा कागद: उलट्या होतात, वडिलांनी जबरदस्तीने भरवलेलं आता बाहेर टाकतायत. हे वाक्य मी सांगायचे तेव्हा घरात हशा पिकायचा. आता मला तो हशा आठवला तरी लाज वाटते.

मावशीने काय करावं? तोंड उघडायचं नाही अशी सही. डॉक्टरांना डॉक्टरकी शिकवणारी टायपिस्ट कुणी ठेवून घेतली असती का? मग तिने तिच्या स्वभावात न बसणारी गोष्ट केली. मुद्दाम चूक केली. उलट्यांचा हिरवा कागद तिने घड्याळवाल्यांच्या पांढऱ्या फायलीत, अगदी वर, मॅडमच्या डोळ्यांत भरेल असा लावला. घरी जाऊन म्हणे तिला दोन घास गेले नाहीत.

सोमवारी तो कागद परत आला. चौघडी करून, पिन मारून. वर मॅडमच्या अक्षरात चिठ्ठी: "चुकून माझ्याकडे आला. वाचलेला नाही."

वाचलेला नाही! मी ही गोष्ट पन्नासदा सांगितली असेल, पण या चिठ्ठीपाशी आलं की दर वेळी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. एका माणसाचा जीव त्या कागदावर होता आणि बाईंनी सभ्यपणा दाखवला! बरं, त्यांनी तो नियम पाळला म्हणून त्यांना दोष तरी कसा द्यायचा? नियम चांगलाच होता. भल्या माणसांनी भल्या हेतूने केलेला होता.

मावशीकडून तो कागद चिठ्ठीसकट डॉक्टरांच्या हातात गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला वर बोलावलं. आमच्या गोष्टीतला सगळ्यात मजेचा भाग हा. डॉक्टर म्हणाले, "ताई, इतक्या वर्षांत पहिली चूक. चूक उगाच होत नसते." आणि त्यांनी पाऊण तास मावशीच्या लहानपणाची उलटतपासणी केली. शाळेत कोणी मारलं का, आईवर राग होता का, हिरवा रंग आवडतो का. काका तर डॉक्टरांची नक्कल करताना खुर्चीच पेशंटच्या मागे नेऊन बसायचे. मावशी अशा वेळी हसायची. हसायची म्हणजे ओठ दुमडून स्वयंपाकघरात जायची.

मग गोष्टीचा शेवट. शनिवारी सकाळी शुक्रवारची कॅसेट तिच्या कानात होती: शब्द जड, तुटक येतायत, आतला विरोध वाढलाय, निघताना दारात तोल गेला, त्यांना इथून जायचंच नाहीये. मावशीने हेडफोन काढून ठेवला. दोन्ही फायली उचलल्या, जिना उतरली, रांग तोडली, मॅडमच्या खोलीत शिरली आणि दार उघडं ठेवून, उभ्या उभ्या, हिरवे कागद मोठ्यांदा वाचायला लागली. मॅडम आधी ओरडल्या, "काय चाललंय हे?" दुसऱ्या कागदाला त्या उभ्या राहिल्या. तिसऱ्याला त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

मॅडमनी घड्याळवाल्यांच्या घरी फोन लावला. बायको म्हणाली, झोपलेत, उठवलं तरी उठत नाहीत. मॅडम जवळजवळ किंचाळल्या, "उलट्या होत होत्या, हात थरथरत होते, मग डॉक्टरांना सांगितलं का नाही?"

फोनवरची बाई गोंधळून गेली. म्हणाली, "सांगितलं की हो! दर मंगळवारी सांगतात, शुक्रवारी सांगतात. तुमच्याच इमारतीत तर येतात. कागदावर लिहिलंय डॉक्टरांना सांगा, म्हणून सांगितलं. आणि वरचे डॉक्टर म्हणाले होते, इथलं इथेच ठेवायचं. म्हणून खाली नाही बोलले."

खालचं वर आणि वरचं खाली कळत नाही, हे त्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या हिशेबी डॉक्टर म्हणजे डॉक्टर.

मोठ्या इस्पितळात त्यांचं रक्त यंत्रातून काढून धुतलं. नवव्या दिवशी त्यांनी बायकोला ओळखलं. मॅडम आणि डॉक्टर तिथल्या बाकावर शेजारी शेजारी बसले होते म्हणे, दोन शाळकरी मुलांना बाहेर उभं केल्यासारखे. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही मला सांगितलं का नाही?" डॉक्टर म्हणाले, "तो माणूस मला सरळ सांगत होता की उलट्या होतायत, आणि मी त्याच्या बापाला शोधत होतो." मॅडमनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मी तर खिशातले हात बाहेर काढायलाही सांगितले नाहीत."

मावशीची नोकरी गेली नाही. उलट पुढच्या महिन्यापासून दर पेशंटची एकच फाइल झाली, कोचावरच्या खासगी गोष्टी सोडून शरीराच्या सगळ्या तक्रारी दोघांनी वाचायच्या असं ठरलं, आणि सोमवारच्या बैठकीत मावशीसाठी तिसरी खुर्ची आली. निवृत्त होईपर्यंत ती त्या खुर्चीवर बसली. माणूस वाचला, नियम बदलला, टायपिस्ट जिंकली. गोष्ट संपली, टाळ्या वाजल्या.

गेल्या महिन्यात माझं मनगटी घड्याळ बंद पडलं. मावशी जवळच राहते, पण तिला न सांगताच मी त्या दुकानात गेले. इतकी वर्षं ज्या माणसाची गोष्ट सांगत होते त्याला एकदा बघावं, एवढीच हौस. दुकानात काचेमागे त्यांची मुलगी बसली होती, डोळ्याला भिंग लावून. घड्याळवाले बाजूच्या स्टुलावर. त्यांचे हात मांडीवर होते आणि थरथरत होते. थांबतच नव्हते. मला वाटलं होतं ते बरे झाले. आमच्या गोष्टीत ते बरे झाले होते! कुणी सांगितलंच नव्हतं की रक्त धुतलं गेलं पण हात गेले, आणि त्या दिवसापासून त्यांनी एकही घड्याळ उघडलेलं नाही.

मी टायपिस्ट बाईंची भाची म्हटल्यावर ते खूश झाले. बोलणं थोडं जड, पण कळत होतं. म्हणाले, "तुमच्या मावशी फार मोठ्या मनाच्या बाई. दर महिन्याला येतात. चुकत नाहीत. दहा तारीख म्हणजे दहा तारीख."

"कशाला येते?"

मुलगी हसली. "घड्याळ घेऊन. बघा म्हणतात, मागे पडतंय का. मी उघडते, पुसते, परत देते. त्यात कधीच काही झालेलं नसतं. मग त्या दहाएक मिनिटं बाबांजवळ बसतात आणि जातात."

मी तशीच मावशीकडे गेले. ती खिडकीशी बसून वर्तमानपत्रातल्या चुका शोधत होती. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. विचारलं, "अगं मावशी, दहाच तारीख का? त्यांना इस्पितळात नेलं तो दिवस चौदा तारखेचा, तूच सांगितलं होतंस. मग दहा कुठून आली?"

तिने पेन बंद केलं. मग म्हणाली, "दहा तारखेला मला वर बोलावलं होतं."

"ते माहितीये. तुझ्या लहानपणाची चौकशी केली ती."

"नव्हती केली," मावशी म्हणाली.

मला कळेचना. "म्हणजे? पाऊण तास..."

"पाऊण तास नव्हता. आणि लहानपण वगैरे काही नाही. घरी येऊन मी काहीतरी सांगितलं, तुझ्या काकांनी त्याला मीठमसाला लावला, तुम्ही हसलात, मग मीही ते तसंच राहू दिलं. डॉक्टरांनी मला कोचावर नाही, समोरच्या खुर्चीवर बसवलं. कागद पुढे ठेवला. म्हणाले, ताई, तुमच्यासारख्या बाईकडून हे उगाच होणार नाही. तुम्हाला काही सांगायचंय का? एवढंच विचारलं त्यांनी. आणि वाट बघत बसले. समोर घड्याळ होतं, मी बघत होते. दहा मिनिटं बसले गं ते. त्यांचं कामच होतं ना ते, वाट बघण्याचं."

मी तिथेच जमिनीवर बसले.

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हणाले, माफ करा, लक्ष नव्हतं." मावशीने चष्मा काढला. "तोंडाशी आलं होतं सगळं. पण वाटलं, मी कोण? नुसती मॅट्रिक झालेली बाई मी, दोन डॉक्टरांपेक्षा मला जास्त कळतं असं कसं म्हणू? नोकरी जाईल. उगाच शोभा होईल. ते हो म्हणाले, उठले, दार उघडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरा कागद मीच टाइप केला. अस्वस्थ वाटतात, बोलणं तुटक, आजार पुन्हा डोकं वर काढतोय, गोळी वाढवली. अकरा तारीख. त्या वाढलेल्या गोळ्यांनी हात गेले. एकही चूक नव्हती बघ त्या कागदात."

मी या बाईला सहा वर्षं लग्नकार्यात, वाढदिवसांत, पाहुण्यांसमोर मिरवलं होतं. मॅडमवर तोंडसुख घेतलं होतं, डॉक्टरांच्या नकलांवर पोट धरून हसले होते. आणि त्या दोघांमध्ये ज्याने एकदा तरी सरळ विचारलं होतं, त्यालाच आम्ही विदूषक केलं होतं. मला मावशीचा राग आला, भयंकर राग आला, आणि पुढच्याच क्षणी तिच्या जागी मी असते तर काय म्हणाले असते हे मला लख्ख कळलं.

"घड्याळवाल्यांना माहितीये हे?" मी विचारलं.

तिने नाही म्हणून मान हलवली. मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. ते बरोबर चाललं होतं.

"त्यांना सांगायचं म्हणूनच तर जाते गं दर दहा तारखेला," मावशी म्हणाली. "त्यांची मुलगी घड्याळ पुसून देते, ते विचारतात, बाई, चहा घेणार का? आणि मी म्हणते, नको, निघते."